विश्लेषण : ‘सल्ला’ की ‘सहमती’? राज्यघटनेतील एकेका इंग्रजी शब्दावर एवढा वाद का झाला?

विधानसभेने मंजूर केलेले विधेयक राज्यपालांनी किती दिवस आपल्याकडे ठेवावे, या प्रश्नावर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोनदा मत दिले आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले. ८ एप्रिल रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तामिळनाडूच्या प्रकरणात राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्यासाठी कालमर्यादा आखून दिली. २० नोव्हेंबर रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना सांगितले की, अशी कालमर्यादा न्यायालय घालू शकत नाही. या वादाच्या मुळाशी राज्यघटनेच्या अनुच्छेद २०० मधील मोजके इंग्रजी शब्द आहेत : ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’. म्हणजे शक्य तितक्या लवकर. हे शब्द तिथे अनवधानाने आलेले नाहीत. ते कोणी, कशाच्या जागी आणि का घातले, हे संविधान सभेच्या इतिवृत्तात नोंदलेले आहे. राज्यघटनेतील अशा अनेक शब्दांची हीच कथा आहे. एक शब्द निवडला गेला, दुसरा नाकारला गेला आणि त्याचे परिणाम पुढच्या पिढ्यांनी भोगले.

‘सहा आठवडे’ कुठे गेले?

राज्यघटनेच्या १९४८ च्या मसुद्यात राष्ट्रपतींनी एखादे विधेयक फेरविचारासाठी संसदेकडे परत पाठवायचे असेल तर ते ‘सहा आठवड्यांच्या आत’ पाठवावे, अशी तरतूद होती. मे १९४९ मध्ये हे कलम चर्चेला आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दुरुस्ती मांडली आणि सहा आठवड्यांच्या जागी ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’ हे शब्द आले. मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य हरि विष्णु कामत यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली. हे शब्द फारच मोघम आहेत, कालमर्यादा ठेवलेलीच बरी, असे त्यांचे म्हणणे होते. सभेने ते मानले नाही. राज्यपालांच्या कलमातही हेच शब्द आले.

शब्द बदलण्यामागे घाईचा आग्रह होता, असा एक तर्क करता येतो. सहा आठवड्यांची मुदत दिली की माणूस सहावा आठवडा उजाडेपर्यंत थांबतो. ‘शक्य तितक्या लवकर’ म्हटले की उद्याच करावे लागते. पण हा अर्थ समोरचा माणूस सरळ चालणारा असेल तरच निघतो. तामिळनाडूची काही विधेयके तीन वर्षांहून अधिक काळ राजभवनात पडून राहिली, तेव्हा कामत यांची हरकत पुन्हा आठवावी लागली. नोव्हेंबरच्या मतात न्यायालयाने एक वाट मात्र मोकळी ठेवली आहे. विलंब फार लांबला आणि त्याचे कारणच दिले गेले नाही, तर ‘निर्णय घ्या’ एवढे न्यायालय सांगू शकते. कोणता निर्णय घ्या, हे सांगू शकत नाही.

अर्थ इंग्रजीतूनच का काढावा लागतो?

संविधान सभेत हिंदी, हिंदुस्थानी, उर्दूत भाषणे झाली, पण मसुदा इंग्रजीत लिहिला गेला आणि मते इंग्रजी शब्दांवर पडली. राज्यघटनेचा अधिकृत हिंदी पाठ असावा ही तरतूद तर १९८७ मध्ये, ५८ व्या घटनादुरुस्तीने आली. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे कामकाज अनुच्छेद ३४८ नुसार मूलतः इंग्रजीत चालते आणि कायद्याचा अधिकृत पाठही इंग्रजीच मानला जातो. त्यामुळे मराठी वाचकाला ‘सल्ला’, ‘संघ’, ‘मागास’ असे शब्द ओळखीचे वाटले तरी निकाल लागतो तो त्यांच्यामागच्या इंग्रजी शब्दावर.

त्या शब्दांचे प्राथमिक काम घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी केले. प्रत्यक्ष कलमांना कायद्याच्या भाषेत बसवण्याचे श्रेय आंबेडकरांनी मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना उघडपणे दिले. सर्वात गुंतागुंतीचा प्रस्तावही सोप्या आणि स्वच्छ कायदेशीर भाषेत मांडण्याची हातोटी त्यांच्याकडे होती, असे ते शेवटच्या भाषणात म्हणाले. मसुद्यावर एकूण ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि त्यातील २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे आकडेही त्याच भाषणातले. नझीरुद्दीन अहमद नावाचे सदस्य तर शब्द आणि विरामचिन्हे यांवर इतक्या दुरुस्त्या आणत की सभा वैतागून जाई. मसुदा समितीला म्हणजे ‘ड्राफ्टिंग कमिटी’ला त्यांनी ‘ड्रिफ्टिंग कमिटी’, वाहवत जाणारी समिती, असे नाव ठेवले होते. आंबेडकरांनी त्याचाही उल्लेख केला. पण याच अहमद यांनी उचललेला एक मुद्दा सत्तर वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात चर्चेला आला. त्याकडे पुढे येऊ.

‘ड्यू’ या एका शब्दाने काय बिघडणार होते?

राज्यघटनेतील सर्वात गाजलेली शब्दनिवड अनुच्छेद २१ मधील आहे. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाही व्यक्तीचे जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे हे कलम सांगते. इंग्रजीत इथे ‘प्रोसिजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ’ असे शब्द आहेत. १९४७ मध्ये संविधान सभेपुढे मूलभूत हक्कांचा आराखडा आला तेव्हा हे शब्द नव्हते. तिथे अमेरिकेच्या राज्यघटनेतून घेतलेले ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ हे शब्द होते.

दोन्ही वाक्यांचा ढोबळ अर्थ सारखा वाटतो. कायद्याने जावे, मनमानी नको. फरक ‘ड्यू’ मध्ये आहे. ड्यू म्हणजे उचित, योग्य. प्रक्रिया उचित आहे की नाही हे ठरवायचे कोणी? न्यायालयाने. अमेरिकेत या एका विशेषणाच्या जोरावर न्यायाधीशांनी कायद्यांची कार्यपद्धतीच काय, आशयही तपासायला सुरुवात केली. न्यूयॉर्क राज्याने बेकरी कामगारांच्या कामाचे तास दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ इतके मर्यादित केले, तर १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. कामगाराचे आणि मालकाचे करार करण्याचे स्वातंत्र्य ‘ड्यू प्रोसेस’शिवाय हिरावले जाते, हे कारण दिले.

भारतात तेव्हा जमीनदारी रद्द करण्याची आणि कूळकायद्यांची तयारी सुरू होती. गोविंद वल्लभ पंत यांच्यासारख्या नेत्यांना भीती होती की, हे शब्द ठेवले तर सामाजिक सुधारणांचे कायदे न्यायालयात अडकतील. बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेला गेले तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. ज्या न्यायालयाला ‘ड्यू प्रोसेस’ने एवढी सत्ता दिली, त्याच न्यायालयाचे हे न्यायमूर्ती त्या सत्तेच्या विरोधात होते. मूठभर न्यायाधीशांच्या हाती लोकनियुक्त विधिमंडळाच्या कायद्यावर नकाराधिकार देणे लोकशाहीला धरून नाही आणि न्यायव्यवस्थेवरही तो अन्यायकारक बोजा आहे, असे त्यांनी रावांना सांगितले. मसुदा समितीने मग ते शब्द काढले आणि जपानच्या १९४६ च्या राज्यघटनेतील ३१ व्या कलमाचे शब्द घेतले. गंमत अशी की जपानची ती राज्यघटना युद्धानंतर अमेरिकी अधिकाऱ्यांच्याच देखरेखीखाली लिहिली गेली होती. आपल्या घरात असलेला शब्द त्यांनी जपानला दिला नाही आणि भारताने तो जपानकडे पाहून सोडला.

समितीने आणखी एक शब्द घातला. मसुद्यात नुसते ‘लिबर्टी’ होते, त्याआधी ‘पर्सनल’ आले. भाषण, संचार, व्यवसाय अशी स्वातंत्र्ये दुसऱ्या कलमात आहेतच. नुसते ‘लिबर्टी’ ठेवले तर त्याचा अर्थ फार ताणला जाईल, असे कारण दिले गेले.

डिसेंबर १९४८ मध्ये यावर सभेत जोरदार चर्चा झाली. वऱ्हाडातून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी ‘ड्यू प्रोसेस’ परत आणण्याची दुरुस्ती मांडली. खुद्द मसुदा समितीचे सदस्य असलेले कन्हैयालाल मुनशी त्याच बाजूने बोलले, तर त्याच समितीतील अल्लादी कृष्णस्वामी अय्यर विरुद्ध. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले. विधिमंडळातले बहुमत पक्षीय आवेशात मूलभूत हक्क चिरडणारा कायदा करू शकते आणि पाच-सहा न्यायाधीशांच्या व्यक्तिगत मतावर कायदा टिकवणे हेही बरे नाही, असे सांगून त्यांनी आपला कौल दिलाच नाही. निर्णय सभेवर सोपवला. १३ डिसेंबरला दुरुस्ती फेटाळली गेली. मसुदा समितीच्या अध्यक्षाने एवढ्या महत्त्वाच्या कलमावर मत राखून ठेवल्याचे असे उदाहरण विरळाच. ही सल त्यांच्या मनात राहिली असावी. कारण सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी नवे कलम आणले आणि आधीच्या कलमात जे गमावले त्याची ही भरपाई आहे, असे सांगितले. अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण सांगणे, त्याला वकील घेऊ देणे, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे आजच्या अनुच्छेद २२ मधील हक्क तिथून आले. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची तरतूदही त्याच कलमात बसली, हा भाग वेगळा.

परिणाम काय झाला?

राज्यघटना लागू झाल्यावर चार महिन्यांच्या आत तो दिसला. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांना मद्रासमध्ये प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायद्याखाली डांबले होते. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, ही कार्यपद्धती न्याय्य नाही. १९ मे १९५० च्या निकालात बहुमताने उत्तर दिले की, न्याय्य आहे की नाही हे आम्ही पाहायचे नाही. संसदेने केलेला कायदा आहे ना, त्याचे पालन झाले ना, एवढेच पाहायचे. त्यासाठी ‘ड्यू’ हा शब्द संविधान सभेने जाणूनबुजून वगळला आहे, याचाही आधार घेतला गेला. न्यायमूर्ती फझल अली यांनी वेगळा निकाल लिहिला.

अठ्ठावीस वर्षांनी चित्र उलटले. १९७७ मध्ये मेनका गांधी यांचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ सरकारजमा करण्याचा आदेश निघाला आणि कारणे सांगण्यास नकार दिला गेला. २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, ‘प्रोसिजर’ म्हणजे कसलीही कार्यपद्धती चालणार नाही. ती न्याय्य, वाजवी आणि मनमानीमुक्त हवी. राज्यघटनेतला एकही शब्द बदलला नव्हता. पण १९४८ मध्ये समोरच्या दाराने नाकारलेला ‘ड्यू’ हा शब्द मागच्या दाराने आत आला. आज उपजीविका, स्वच्छ हवा, जलद खटला, खासगीपणा असे कितीतरी हक्क याच कलमात सामावले आहेत.

या कलमातला आणखी एक शब्द फारसा चर्चेत येत नाही, पण त्याने माणसे वाचली आहेत. कलम ‘सिटिझन’ म्हणत नाही, ‘पर्सन’ म्हणते. भाषणस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९ फक्त नागरिकांना आहे, पण कायद्यापुढील समानता आणि जीविताचा हक्क कोणाही व्यक्तीला आहे. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांना स्थानिक संघटनांनी हुसकावून लावण्याची धमकी दिली तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला त्यांचे रक्षण करण्यास सांगितले. त्यांचे नागरिकत्व तेव्हा वादात होते. ते ‘पर्सन’ आहेत, याविषयी वाद नव्हता.

सल्ला घ्यायचा म्हणजे मानायचाही का?

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी ‘कन्सल्टेशन’ करून करावी, असे अनुच्छेद १२४ मध्ये होते. कन्सल्टेशन म्हणजे सल्लामसलत. २४ मे १९४९ रोजी बी. पोकर साहेब यांनी त्याऐवजी ‘कन्करन्स’ म्हणजे सहमती हा शब्द सुचवला. न्यायाधीशांच्या नेमणुकीत राजकारण येऊ नये, हा हेतू होता.

आंबेडकरांनी या वेळी मत राखून ठेवले नाही. इंग्लंडमध्ये नेमणूक सर्वस्वी सरकारच्या हाती असते, अमेरिकेत सिनेटची संमती लागते. भारतासाठी दोन्ही टोके नकोत, मधला मार्ग हवा, असे त्यांनी सांगितले. सरन्यायाधीश कितीही मोठा असला तरी तो माणूस आहे, सामान्य माणसाचे गुणदोष आणि पूर्वग्रह त्यालाही असतात, म्हणून त्याला नकाराधिकार देणे धोक्याचे आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. ‘कन्करन्स’ फेटाळला गेला. निवड इतकी स्पष्ट होती की अर्थाविषयी शंकेला जागा राहू नये.

१९८१ च्या अखेरीस एस. पी. गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसाच अर्थ लावला : सल्ला म्हणजे सहमती नव्हे, अखेरचा शब्द सरकारचा. मध्ये आणीबाणीचा काळ येऊन गेला होता. सरकारला न रुचणारे निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीश नेमण्याचे प्रकार दोनदा झाले होते. उच्च न्यायालयांतील न्यायाधीशांच्या सामूहिक बदल्या झाल्या होत्या. ६ ऑक्टोबर १९९३ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने भूमिका बदलली. सरन्यायाधीशांच्या आणि त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मताविरुद्ध नेमणूक होऊ शकणार नाही, असे ठरले. ‘कन्सल्टेशन’ला ‘कन्करन्स’चा अर्थ मिळाला. न्यायवृंद ही व्यवस्था याच निकालातून उभी राहिली. राज्यघटनेच्या नेमणुकीच्या कलमात ‘कॉलेजियम’ हा शब्द शोधूनही सापडत नाही, तो यामुळेच.

संसदेने २०१४ मध्ये ९९ वी घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. न्यायालयाच्या स्वातंत्र्यासाठी हे आवश्यक होते, असे समर्थन करता येते आणि ते गंभीरपणे केले गेले आहे. पण शब्दाचा अर्थ म्हणून पाहिले तर सभेने मतदानाने नाकारलेला शब्दच स्वीकारलेल्या शब्दाच्या जागी बसला, हे नाकारणे अवघड आहे.

‘अंतर्गत अशांतता’ का खोडावी लागली?

अर्थ लावून शब्द बदलण्याची ही उदाहरणे झाली. काही वेळा शब्दच पुसावा लागला. आणीबाणीविषयीच्या कलमात १९४८ च्या मसुद्यात ‘वॉर ऑर डोमेस्टिक व्हायोलन्स’ असे शब्द होते. आज डोमेस्टिक व्हायोलन्स म्हटले की घरातला छळ आणि २००५ चा कायदा आठवतो. पण अमेरिकेच्या राज्यघटनेत याच शब्दांचा अर्थ राज्यातला दंगाफसाद असा आहे आणि तोच इथे अभिप्रेत होता. ऑगस्ट १९४९ मध्ये ते शब्द गेले आणि ‘युद्ध, परकीय आक्रमण किंवा इंटर्नल डिस्टर्बन्स’ असे नवे शब्द आले. ‘इंटर्नल डिस्टर्बन्स’, अंतर्गत अशांतता, हा शब्दप्रयोग ब्रिटिशांच्या १९३५ च्या कायद्यात होताच.

हिंसेला काही एक मोजमाप असते. अशांततेला नसते. २५ जून १९७५ च्या रात्री याच दोन शब्दांच्या आधारे आणीबाणी जाहीर झाली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. पुढच्या वर्षी, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितले की, आणीबाणीत स्थानबद्ध माणूस सुटकेसाठी न्यायालयात दादही मागू शकत नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले.

जनता पक्षाच्या काळात १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली आणि ‘इंटर्नल डिस्टर्बन्स’च्या जागी ‘आर्म्ड रिबेलियन’ म्हणजे सशस्त्र बंड हे शब्द आले. मोर्चे, संप, घोषणा यांना सशस्त्र बंड म्हणता येत नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवला पाहिजे, ही अटही तेव्हाच आली. आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत, हेही. अनुच्छेद ३५५ मध्ये मात्र ‘इंटर्नल डिस्टर्बन्स’ हे शब्द आजही आहेत. अशा अशांततेपासून राज्यांचे रक्षण करणे हे केंद्राचे कर्तव्य आहे, असे ते कलम सांगते.

व्याख्या न करणे ही चूक होती का?

अनुच्छेद १७ इंग्रजीत वाचला तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. ‘अनटचेबिलिटी’ हा शब्द अवतरणचिन्हांत आहे. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, असे सांगणाऱ्या कलमाने अस्पृश्यतेची व्याख्या केलेली नाही. नंतर १९५५ मध्ये झालेल्या कायद्यानेही केली नाही.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी यावर चर्चा झाली तेव्हा नझीरुद्दीन अहमद यांनी दुरुस्ती आणली. ‘अनटचेबिलिटी’ या शब्दाला कायदेशीर अर्थ नाही, म्हणून धर्म किंवा जातीवरून कोणाला अस्पृश्य मानता येणार नाही, असे स्पष्ट लिहावे, असे त्यांचे म्हणणे होते. के. टी. शाह यांनीही व्याख्या मागितली. साथीच्या रोग्याला वेगळे ठेवतात, काही दिवसांत स्त्रियांनाही शिवत नाहीत, मग तोही या कलमाखाली गुन्हा होणार का, असा त्यांचा प्रश्न होता. आंबेडकरांनी अहमद यांची दुरुस्ती स्वीकारली नाही आणि शाह यांच्या प्रश्नाला उत्तरही दिले नाही. कलम मंजूर झाले.

पन्नासच्या दशकात म्हैसूर उच्च न्यायालयाने अवतरणचिन्हांचा अर्थ लावला. शब्दाचा कोशातला अर्थ घ्यायचा नाही, या देशात इतिहासाने जी प्रथा घडवली ती घ्यायची. हा अर्थ बराच काळ निर्विवाद राहिला. २८ सप्टेंबर २०१८ रोजी शबरीमला प्रकरणात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी १९४८ च्या त्याच चर्चेचा आधार घेतला. ‘जात-धर्मावरून’ अशी मर्यादा घालणारी दुरुस्ती सभेने नाकारली, म्हणजे शब्द मुद्दाम मोकळा ठेवला, असे सांगून मासिक पाळीवरून स्त्रियांना मंदिराबाहेर ठेवणे हाही अस्पृश्यतेचाच प्रकार असल्याचे त्यांनी म्हटले. शाह यांनी शंका म्हणून विचारलेली गोष्ट सत्तर वर्षांनी एका निकालपत्रात होकारार्थी आली. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी मात्र हे कलम जातिव्यवस्थेतील अस्पृश्यतेपुरतेच असल्याचे सांगत असहमती नोंदवली. त्या निकालावरील पुनर्विचाराच्या निमित्ताने उभे राहिलेले प्रश्न पुढे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेले.

महाराष्ट्राला कोणत्या शब्दाचा फटका बसला?

नोकऱ्यांतील आरक्षणाच्या कलमात ‘बॅकवर्ड’ हा शब्द मसुदा समितीने घातला. काही सदस्यांनी तो वगळा, असे सुचवले. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी हे कलम म्हणजे वकिलांचा स्वर्ग ठरेल, असा टोला मारला. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी आंबेडकरांनी उत्तर दिले की, सर्वांना समान संधी हे तत्त्व आणि काही समाजांना प्रशासनात प्रवेश मिळालाच नाही ही वस्तुस्थिती, या दोन्हींचा मेळ घालायचा तर असा एखादा मर्यादा घालणारा शब्द हवाच. मागास कोण हे सरकार ठरवील आणि त्याविरुद्ध न्यायालयात जाता येईल, हेही त्यांनी मान्य केले. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत ‘सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या’ अशी जोड आली. तिथे ‘आर्थिक’ हा शब्दही घालावा, ही सूचना मान्य झाली नाही.

वकिलांच्या स्वर्गाचा अनुभव महाराष्ट्राने घेतला. २०१८ मध्ये १०२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३४२-क आला. सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग कोणते, ते राष्ट्रपती अधिसूचनेने ठरवतील आणि ‘या राज्यघटनेच्या प्रयोजनांसाठी’ तेच मागास मानले जातील, अशी त्याची शब्दरचना होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राने मराठा समाजाला आरक्षण देणारा कायदा केला. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती नाही, हे एक कारण होते. दुसरा मुद्दा शब्दांचा होता. या दुरुस्तीचा हेतू फक्त केंद्राच्या यादीपुरता आहे, राज्यांचा अधिकार काढून घेण्याचा नाही, असे खुद्द महान्यायवादींनी न्यायालयात सांगितले होते. तीन न्यायमूर्तींनी सांगितले की, हेतू काहीही सांगितला तरी शब्द स्पष्ट आहेत. यादी एकच आणि ती राष्ट्रपतींची. दोघांनी हेतूला महत्त्व दिले. तीन विरुद्ध दोन अशा या फरकाने देशातील सगळ्या राज्यांचा मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार गेला.

केंद्राने पुनर्विचाराची याचिका केली, ती फेटाळली गेली. मग ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ वी घटनादुरुस्ती करावी लागली. तिने कलमात ‘केंद्रीय सूचीतील’ आणि ‘केंद्र सरकारच्या प्रयोजनांसाठी’ अशा अर्थाचे शब्द घातले आणि राज्यांना स्वतःची यादी करण्याचा अधिकार असल्याचे वेगळे स्पष्ट केले. तीन वर्षांपूर्वी तेवढेच लिहिले असते तर ही वेळ आली नसती. त्या परत मिळालेल्या अधिकाराच्या बळावर महाराष्ट्र विधिमंडळाने २० फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा समाजाला दहा टक्के आरक्षण देणारे नवे विधेयक मंजूर केले. त्या कायद्यालाही मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. त्यातील वाद आता ‘यादी कोणाची’ यावर नाही, तर ‘मागास’ आणि ‘असाधारण परिस्थिती’ या शब्दांवर आहे.